कच्चे कैदी आणि त्यांचे आप्त

भेटीच्या दिवशीं सकाळीं कोणत्याही जिल्हा कारागृहाच्या दारासमोर घटकाभर उभें राहिलें असतां जो देखावा दिसतो, त्याचें वर्णन सहसा कोणत्याही पत्रांत येत नाहीं. खुनाची बातमी पहिल्या पानावर येते, अटकेची बातमी नांवगांवासह येते, एखाद्या पुढाऱ्यास जामीन मिळाला तर त्याच्या मिरवणुकीचें छायाचित्रही येतें. परंतु फडक्यांत कपड्यांचा जोड बांधून, आधार कार्डाची झेरॉक्स मुठींत धरून व मूल कडेवर घेऊन बसलेल्या बाईची बातमी होत नाहीं. तिनें कांहीं केलेलें नसतें. ज्यानें केलें असें पोलीस म्हणतात त्याच्यावरही अजून कांहीं शाबीत झालेलें नसतें. तरी ती पहिल्या एस. टी.साठीं पहांटेंच घरून निघालेली असते, आणि आपल्या नांवाचा पुकारा केव्हां होतो याची वाट पाहत बसलेली असते. या बाईविषयीं आज लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे. आणि तें आमच्या व्यापारी वाचकांनीं विशेषेंकरून वाचावें अशी आमची विनंति आहे. त्याचें कारण पुढें ओघानें येईल.

आपल्या व्यवहाराच्या भाषेंत एक फार नेमका शब्द आहे: कच्चा कैदी. पेढीवर बसणाऱ्यास कच्च्याचा व पक्क्याचा भेद शिकवावा लागत नाहीं. कच्च्या वहींतील नोंदीवर कोणी कोणाचें घर लिलांवास काढीत नाहीं. ती नोंद पक्क्या खात्यांत चढावी लागते, तिची रुजवात व्हावी लागते, समोरच्यास आपलें म्हणणें मांडण्याची संधि मिळावी लागते. माणसाच्या बाबतींत मात्र हा भेद आपण एका क्षणांत विसरतों. “तो आंत गेला” एवढें कानांवर आलें कीं दुकानदार त्याच्या घरची उधारी बंद करतो, घरमालक खोली रिकामी करण्यास सांगतो, जुळत आलेली सोयरीक मोडते, आणि शाळेंत त्याच्या मुलास नवें नांव मिळतें. न्यायाधीशानें अजून कागद उघडलेला नसतो. गांवानें निकाल देऊन शिक्षेची अंमलबजावणीही सुरू केलेली असते.

हे कच्चे कैदी थोडेथोडके नाहींत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानें जे आंकडे प्रसिद्ध केले आहेत त्यांवरून ३१ डिसेंबर २०२२ रोजीं देशांतील सर्व कारागृहांत मिळून ५,७३,२२० माणसें होतीं, व त्यांपैकीं ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. सर्व कारागृहांत मिळून जागा होती ४,३६,२६६ माणसांची. हे तीन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. गुन्हा शाबीत होऊन शिक्षा भोगणारे सगळे कैदी त्या दिवशीं घरीं पाठविले असते तरीसुद्धां आपले तुरुंग जवळजवळ पूर्ण भरलेलेच राहिले असते! तुरुंग हें शिक्षेचें ठिकाण आहे अशी आपली समजूत. वस्तुस्थिति अशी कीं तें मुख्यत्वें तारखेची वाट पाहण्याचें ठिकाण झालें आहे.

आतां यवतमाळ जिल्ह्याचा विचार करूं. जिल्हा सोळा तालुक्यांचा. एका टोकास वर्धा नदीजवळचें वणी, दुसऱ्या टोकास पैनगंगेकांठचा उमरखेड तालुका; दोहोंपासून यवतमाळ शंभर किलोमीटरांच्या घरांत. झरी-जामणीच्या एखाद्या कोलाम पोडावरून किंवा महागांव तालुक्यांतील एखाद्या तांड्यावरून निघणाऱ्या माणसास आधीं पायीं किंवा काळीपिवळींतून तालुक्याच्या गांवीं यावें लागतें, आणि तेथून पुढें जिल्ह्याची वाट धरावी लागते. यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची शकुंतला गाडी दारव्ह्याकडच्या गरिबांची एकेकाळीं सोय होती, तीही बंद पडली. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या गाड्यांत स्त्रियांस अर्धें भाडें झालें व त्याआधीं, २०२२ मध्यें, पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांस प्रवास मोफत झाला, ही गोष्ट आम्ही मोकळ्या मनानें सरकारच्या जमेस धरतों; तुरुंगांतील मुलास भेटावयास जाणाऱ्या म्हाताऱ्या आईबापांचा विचार करून तो निर्णय झाला नसेल, परंतु त्यांना त्याचा फार मोठा आधार झाला आहे. मात्र खर्च केवळ भाड्याचा नसतो. कापूस वेंचणीच्या दिवसांत मजुरी किलोवर मिळते; त्या दिवसांत भेटीस जाणें म्हणजे एक अख्खी मजुरी बुडविणें होय. आठवड्यास एकदां जावयाचें तर महिन्यास चार मजुऱ्या गेल्या. कोणती बाई आठवड्यास जाईल? ती महिन्यास जाते, पुढें दोन महिन्यांस जाते, आणि मग आंत बसलेल्यास असें वाटूं लागतें कीं घरानें आपल्याला टाकलें.

याहून बिकट हिशेब शेतीचा. मृगाच्या तोंडावर घरचा कर्ता पुरुष पकडला गेला तर त्या वर्षाची पेरणीच चुकते. तीन महिन्यांनीं तो निर्दोष म्हणून सुटला तरी न्यायालय त्याला त्याचा मृग परत देऊं शकत नाहीं. सोसायटीचें कर्ज तसेंच राहतें, पुढच्या कर्जास तो अपात्र होतो, बैल विकले जातात. या जिल्ह्याच्या शेतकऱ्याच्या दुःस्थितीविषयीं गेलीं वीस-पंचवीस वर्षें देशभर एवढें लिहिलें गेलें आहे कीं त्यांत आम्ही भर घालण्याची गरज नाहीं. फक्त एवढेंच म्हणतों कीं ज्या घराचा तोल आधींच एका पावसावर अवलंबून आहे, त्या घरांतून कमावता हात काढून नेण्यापूर्वीं व नेल्यावर तो अडकवून ठेवण्यापूर्वीं राज्यानें दोनदां विचार करावयास पाहिजे.

शिक्षा झालेल्या कैद्यास निदान कामाची थोडीबहुत मजुरी मिळते. १ मे २०२२ रोजीं येरवड्यास ‘जिव्हाळा’ नांवाची योजना सुरू झाली. तीत राज्य सहकारी बँकेनें शिक्षाबंद्यांस त्यांच्या घरच्या गरजांसाठीं पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्ज देऊं केलें. कल्पना उत्तम, आणि ती सुचविणाऱ्यांचें आम्ही अभिनंदन करतों. परंतु कच्च्या कैद्याकडे फेडीसाठीं मजुरीच नाहीं. त्याच्या बाबतींत पैशाचा ओघ उलटाच असतो: घरून मनीऑर्डर येईल तेव्हां तो आंतील कॅन्टीनमधून साबण आणि तेल घेणार. म्हणजे ज्याच्यावर गुन्हा शाबीत झाला त्याच्याकडून घराकडे चार पैसे जाण्याची वाट आहे, व ज्याच्यावर झाला नाहीं त्याच्याकडे मात्र घरानेंच पाठवावयाचे.

आणि इतकें करून मिळतें काय? थोड्या मिनिटांची भेट. मध्यें जाळी, किंवा कांच व कानाला लावावयाचा दूरध्वनि; शेजारीं तितकींच उतावीळ झालेलीं दुसरीं कुटुंबें. त्या मिनिटांत काय काय उरकावयाचें असतें याचा विचार करा. वकील कोण दिला, त्याची फी कोठून आणावयाची, पुढची तारीख कोणती, जामिनास कोण तयार आहे, सात-बारा कोणाकडे ठेवला आहे, धाकट्याचा ताप उतरला कीं नाहीं. आमचे कांहीं वाचक समजतात कीं भेट ही कैद्याचें मन रमविण्यासाठीं दिलेली सवलत आहे. तसें नाहीं. गरीब कैद्याचा वकिलाशीं, न्यायालयाशीं आणि जामीनदाराशीं जो संबंध असतो तो बहुतेक वेळां या एका बाईच्या मार्फत असतो. ती निरोप नेते, ती कागद आणते, ती तारीख लक्षांत ठेवते. तिचें येणें थांबलें कीं खटला अडतो, आणि अडलेला खटला म्हणजे लांबलेला तुरुंग.

विज्ञानानें या बाबतींत एका हातानें दिलें आहे व दुसऱ्या हातानें काढून घेतलें आहे. ई-मुलाकात ही सोय झाली असून २०२० च्या साथींत भेटी बंद पडल्यावर तिचा उपयोग पुष्कळ वाढला. ज्याच्या घरीं चांगला मोबाइल आहे व नांव नोंदवून देणारा शिकलेला मुलगा आहे, त्याला ती वरदान आहे. पोडावरच्या म्हाताऱ्यास ती असून नसल्यासारखी. उलट आतां आरोपीस प्रत्यक्ष न्यायालयांत न आणतां पडद्यावर हजर करण्याची पद्धति रूढ झाली. त्यांत पोलिसांचा बंदोबस्त वांचतो हें खरें. पण पूर्वीं तारखेच्या दिवशीं न्यायालयाच्या ओसरींत आईला मुलाचें तोंड तरी दिसे, हवालदार भला असेल तर दोन शब्दही होत. तो जुना, कोणत्याही नियमांत न लिहिलेला दिलासा आतां संपला, आणि तो संपल्याची नोंद कोणीच घेतली नाहीं.

आतां कायद्याकडे वळूं. नातलगांची भेट ही तुरुंगाधिकाऱ्याची मेहेरबानी नव्हे, ही गोष्ट इंग्रज सरकारनेंसुद्धां मान्य केली होती. १८९४ च्या तुरुंगांच्या कायद्याच्या ४० व्या कलमांत असें होतें कीं अद्याप शिक्षा न झालेल्या कैद्यास ज्यांच्याशीं बोलावयाचें असेल त्यांना योग्य वेळीं व योग्य निर्बंधांसह आंत सोडण्याची व्यवस्था झालीच पाहिजे. आणि त्याच कायद्याचें ३१ वें कलम अशा कैद्यास घरचें अन्न, कपडे व अंथरूण घेण्याची मुभा देत होतें. परकी सत्तेनें केलेल्या कायद्याचा आम्हांस कांहीं अभिमान नाहीं. परंतु जी गोष्ट परक्यांस कळली ती स्वकीयांस कळूं नये हें शोभत नाहीं. स्वराज्यांत १३ जानेवारी १९८१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें फ्रान्सिस कोराली मुल्लिन या परदेशी बाईच्या अर्जावर जो निकाल दिला, तो या विषयांतील पायाचा दगड होय. ती तस्करीच्या संशयावरून दिल्लीच्या तिहार तुरुंगांत स्थानबद्ध होती. तिची पांच वर्षांची मुलगी बाहेर होती, आणि नियम असा होता कीं महिन्यांतून एकदांच भेट. न्यायमूर्ति भगवती यांनीं तो नियम रद्द ठरविला व आठवड्यांत निदान दोन भेटी मिळाव्यात असें सांगितलें. घटनेच्या २१ व्या कलमांतील जगण्याचा हक्क म्हणजे नुसता श्वासोच्छ्वास नव्हे, आपल्या माणसांशीं बोलणें हाही त्याचाच भाग आहे, हा त्या निकालाचा आशय. २०१५ मध्यें संयुक्त राष्ट्रांनीं मंडेला यांच्या नांवें जे नियम केले त्यांतही कैद्यास शक्य तोंवर घराजवळच्या तुरुंगांत ठेवावें व भेटीस येणाऱ्यांची झडती घेतांना त्यांचा अपमान होऊं नये असें स्पष्ट म्हटलें आहे. अमेरिकेंतही हीच लढाई निराळ्या रूपानें झाली. तेथें तुरुंगांतील दूरध्वनीचे दर इतके चढे होते कीं वॉशिंग्टनच्या मार्था राइट नांवाच्या आजीबाईंनीं नातवाशीं बोलण्याच्या खर्चापायीं २००० सालीं कंपन्यांविरुद्ध दावा लावला. त्यांच्या नांवानें कायदा झाला तो जानेवारी २०२३ मध्यें, आणि तोंवर त्या हयात नव्हत्या.

भेटींतून तुरुंगांत गांजा जातो, मोबाइल जातो, साक्षीदारांस धमकीचे निरोप जातात, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वीं खोटा आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु झडतीचीं साधनें आहेत, पहारा आहे. आणि कांच मध्यें असतां गांजा कोणत्या वाटेनें जातो हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं. ज्या वाटेनें तो जातो ती वाट फाटक्या लुगड्याच्या बाईची नसते. महाराष्ट्रांतील कांहीं कारागृहांत ‘गळाभेट’ म्हणून उपक्रम झाला. त्यांत शिक्षाबंद्यांच्या लहान मुलांना बापाच्या कुशींत बसूं दिलें. तुरुंगाच्या भिंती त्यामुळें पडल्या नाहींत. मग ज्याच्यावर अजून कांहींच शाबीत नाहीं त्याच्या मुलास जाळीपलीकडूनच कां पाहावें लागावें?

या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. फासेपारध्यांसारख्या जमातींवर १८७१ च्या कायद्यानें जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला गेला. तो कायदा १९५२ मध्यें गेला. शिक्का मात्र लोकांच्या व पोलिसांच्या मनांत राहिला, आणि तुरुंगांच्या नियमपुस्तकांतही राहिला. पत्रकार सुकन्या शांता यांच्या अर्जावर ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तीं नियमपुस्तकें दुरुस्त करण्याचा व कैद्यांच्या नोंदवहींतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. नोंदवहींतील रकाना काढणें सोपें. संशय घेण्याची संवय काढणें कठीण. तिचा परिणाम कसा होतो पाहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमांत अशी तरतूद आहे कीं फांशी वा जन्मठेपेचे गुन्हे सोडून इतर गुन्ह्यांत, कच्च्या कैद्यानें जास्तींत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ तुरुंगांत काढला तर त्याला जामिनावर सोडावें. आणि पूर्वीं कधींच शिक्षा झालेली नसेल तर एकतृतीयांश काळच पुरे. म्हणजे तीन वर्षांच्या गुन्ह्यांत पहिल्या वेळच्या आरोपीस एका वर्षानें दार उघडावयास हवें, व त्यासाठीं न्यायालयास कळविण्याचें काम कारागृहाच्या अधीक्षकावर टाकलें आहे. २३ ऑगस्ट २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हा लाभ जुन्या खटल्यांतील कैद्यांनाही दिला. सगळें ठीक. परंतु याच कलमांत पुढें म्हटलें आहे कीं ज्याच्यावर एकाहून अधिक खटले चालू आहेत त्याला हा लाभ नाहीं. ज्या जमातीच्या माणसास प्रत्येक चोरीनंतर प्रथम उचलावयाचें अशी वहिवाट आहे, त्याच्यावर एकाच वेळीं दोन-तीन खटले असणें यांत नवल तें काय? पहिल्या वेळच्या आरोपीसाठीं उघडलेलें दार त्याच्यापुरतें पुन्हां लोटलें गेलें. या पोटकलमाचा फेरविचार व्हावा असें आमचें मत आहे.

यापुढें आम्ही व्यापारी वाचकांकडे वळतों. जामीन मंजूर होणें आणि तुरुंगांतून सुटणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें ज्यांच्यावर प्रसंग आला नाहीं त्यांना ठाऊक नसतें. न्यायाधीश सही करतो. त्यानंतर जामीनदार पाहिजे, त्याचा सात-बारा किंवा घराची करपावती पाहिजे, पुष्कळदां तहसिलींतून ऐपतीचा दाखला पाहिजे. भूमिहीन मजुराचे सगेसोयरेही भूमिहीनच. मग न्यायालयाच्या आवारांत जामीनकीचा धंदा करणारे लोक भेटतात. त्यांचा दर ठरलेला असतो, आणि त्यांना देण्यासाठीं मंगळसूत्र गहाण पडतें. १९७८ मध्यें मोतीराम नांवाच्या एका गवंड्याचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें होतें. जामीन मिळाला होता, पण दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला. भाऊ उभा राहिला तर तो दुसऱ्या जिल्ह्यांतील म्हणून नाकारला गेला. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं त्या आदेशाचा कडक समाचार घेऊन त्याला स्वतःच्या एक हजाराच्या मुचलक्यावर सोडविलें. यास पंचेचाळीस वर्षें लोटल्यावर, ३१ जानेवारी २०२३ रोजीं, त्याच न्यायालयास पुन्हां सांगावें लागलें कीं स्थानिक जामीनदाराचाच हट्ट धरूं नये; जामिनाचा आदेश त्याच किंवा दुसऱ्या दिवशीं कारागृहास ई-मेलनें पाठवावा; सात दिवसांत कैदी सुटला नाहीं तर अधीक्षकानें जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाच्या सचिवास कळवावें; आणि महिना उलटूनही जामीनदार न मिळाल्यास अटी सैल करण्याचा विचार न्यायालयानें करावा. जामीनपात्र गुन्ह्यांत तर कायदाच म्हणतो कीं अटकेपासून आठवड्यांत ज्याला जामीनदार मिळाला नाहीं तो निर्धन समजावा व नुसत्या मुचलक्यावर सोडावा. कायद्यांत उणीव फारशी नाहीं. उणीव आहे ती हे कायदे त्या बाईच्या वतीनें बोलून दाखविणाऱ्या माणसाची.

१८८२ सालची एक हकीगत येथें आठवते. कोल्हापूर प्रकरणांतील बदनामीच्या खटल्यांत टिळक व आगरकर या दोघां तरुण संपादकांवर आरोप आला, तेव्हां त्यांना दहा हजार रुपयांचा जामीन हवा होता. तो मिळवून दिला जोतीराव फुले यांनीं, आणि जामीनदार म्हणून उभे राहिले त्यांचे स्नेही रामशेठ बापूशेठ उरवणे. फुल्यांचीं मतें व ‘केसरी’चीं मतें यांत किती अंतर होतें हें सर्वश्रुत आहे. दहा हजार रुपये त्या काळीं किती होते याचा अंदाज आमचे सराफ वाचक आमच्याहून चांगला करतील. पुढें शिक्षा झाली, दोघांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढले. परंतु शिक्षा होईपर्यंत ते मोकळे राहिले व आपला बचाव करूं शकले, तें या एका सहीमुळें. उरवणे यांनीं या दोघांच्या लेखनाशीं सहमति दर्शविली नव्हती. न्यायालय बोलावील तेव्हां हे हजर होतील, एवढीच हमी त्यांनीं दिली. जामीनकीचा अर्थ तेवढाच आहे.

दुकानांत ज्याच्यामुळें चोरी झाली त्याला आम्हीच जामीन राहावें काय, असा प्रश्न कोणी विचारील. फिर्याद ज्याची असेल त्यानें मुळींच राहूं नये. पण शेजारच्या गल्लींतील, आपल्या जिनिंगांत दहा वर्षें हमाली केलेल्या, आपल्या आडतीवर दर हंगामास कापूस आणणाऱ्या माणसास आपण ओळखतों कीं नाहीं? त्याला वीस हजारांची उचल देतांना आपण त्याचें घरदार, पोरेंबाळें व जबान पाहतोंच. तीच पारख येथें लागते. तो तारखेस आला नाहीं तर न्यायालय जामीनदारास नोटीस काढतें, त्याचें म्हणणें ऐकतें व रक्कम वसूल करूं शकतें; ती कमी करण्याचाही अधिकार त्यास आहे. भरंवसा उडाला तर जामीनकी काढूनही घेतां येते. धोका नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. हंगामांत पत्करतों त्याहून तो मोठा आहे असें मात्र वाटत नाहीं. शिवाय ज्याचें घर टिकलें, ज्याची बायको भेटीस येत राहिली, ज्याची नोकरी मालकानें राखून ठेवली, तो पळून कोठें जाणार? पळतो तो ज्याचें मागें कांहीं उरलेलें नाहीं तो. आणि फिर्यादीचें तरी हित कशांत आहे? खटला वर्षानुवर्षें लोंबकळला तर त्याचा मुद्देमालही पोलीस ठाण्याच्या कोठडींतच पडून राहतो.

या जिल्ह्यास तुरुंगाची लाज वाटण्याचें कारण एके काळीं नव्हतें. १० जुलै १९३० रोजीं पुसदला बापूजी अणे यांनीं जंगल सत्याग्रह केला आणि पाठोपाठ अनेक घरांतील माणसें तुरुंगांत गेलीं. त्या घरांच्या चुली शेजाऱ्यांनीं विझूं दिल्या नाहींत. आजच्या कच्च्या कैद्याची त्या सत्याग्रहींशीं आम्ही तुलना करीत नाहीं. परंतु मागें राहिलेल्या घराची भूक दोन्हीकडे सारखीच असते. खुद्द लोकमान्य मंडालेस असतां १९१२ मध्यें सत्यभामाबाई पुण्यास वारल्या. सगळा देश ज्याच्या पाठीशीं होता त्याच्याही घरीं तुरुंगानें हें केलें. ज्याच्या पाठीशीं त्याची गल्लीसुद्धां नाहीं त्याच्या घरीं काय होत असेल?

तेव्हां आमचें म्हणणें एवढेंच कीं यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा येथील व्यापारी मंडळांनीं, वकील संघांनीं व महिला मंडळांनीं मिळून लहान रकमांच्या जामिनांसाठीं चार भल्या माणसांची एक यादी करावी. विधि सेवा प्राधिकरणाचा वकील तुरुंगांतील प्रत्येक माणसास फुकट मिळतो, मग त्याचें उत्पन्न कांहींही असो; ही गोष्ट तालुक्याच्या एस. टी. स्थानकावर मोठ्या अक्षरांत लिहावी, आणि गोरमाटी, गोंडी व कोलामी बोलणारा एखादा तरुण भेटीच्या दिवशीं अर्ज भरून देण्यास बसवावा. ज्या कारागृहापुढें सांवली, पाणी व शौचकूप नसेल तेथें तें नगरपालिकेनें करावें. त्याला फार मोठा खर्च नाहीं. लांबून आलेल्यांचा पुकारा आधीं व्हावा, म्हणजे त्यांना परतीची गाडी मिळेल. मुंबईस टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या उपक्रमानें १९९० पासून तुरुंगांत समाजकार्यकर्ते पाठवून असें काम चालविलें आहे. जें मुंबईस साधतें तें येथें साधूं नये असें नाहीं. तुरुंगाची पाहणी करण्यास बिनसरकारी अभ्यागत नेमण्याची तरतूद फार जुनी आहे, परंतु ती जागा मानाची समजून घरीं बसणाऱ्यांपेक्षां खरोखर जाणाऱ्यांस द्यावी. शाळांच्या हेडमास्तरांनीं एवढेंच करावें कीं बापाच्या अटकेवरून मुलास कोणी हिणवूं नये.

सरकारकडे मागावयाचें तें निराळें. २०२२ च्या संविधान दिनीं राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू यांनीं गरीब कैद्यांची व्यथा न्यायाधीशांपुढें मांडली. त्यानंतर पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकांत गरीब कैद्यांच्या साहाय्याची योजना आली. २०२३ च्या नियमांप्रमाणें जामिनाच्या रकमेसाठीं एका कच्च्या कैद्यास चाळीस हजारांपर्यंत व दंड न भरतां आल्यानें अडकलेल्यास पंचवीस हजारांपर्यंत मदत ठरली, व ती देण्यासाठीं प्रत्येक जिल्ह्यांत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृहाचे अधीक्षक, विधि सेवा प्राधिकरणाचे सचिव व एक न्यायाधीश यांची समिति सांगितली. यवतमाळच्या या समितीपुढें आजवर किती नांवें आलीं, त्यांपैकीं किती मंजूर झालीं, व जामीन मंजूर होऊनही आज सकाळीं कितीजण आंत आहेत, हे तीन आंकडे दर महिन्याच्या पहिल्या तारखेस जिल्हाधिकारी कचेरीच्या फलकावर लावावे. ते लागल्यास आम्हीही ते दरमहा याच जागीं छापूं.